रडतखडत जिंकलो, तर तो आनंद खरा का?

भात झोडून घरात आलं की आमच्या मालवण तालुक्यात कबड्डीच्या स्पर्धा सुरू होतात. गेल्या मोसमात आमची वाडी खाडीपलीकडच्या वाडीशी अंतिम सामना खेळली आणि जिंकली. शेवटची तीन मिनिटं उरली तेव्हा आमच्याकडे चार गुणांची आघाडी होती, आणि तिथून पुढे आमच्या पोरांनी कबड्डी खेळणं जवळजवळ थांबवलं. चढाईला जाणारा मुलगा मध्यरेषा ओलांडायचा, पावणेचार मीटरवरच्या निदान रेषेपलीकडे पाय टेकवायचा, लाल मातीत टाचेची खूण उमटायची, आणि तो लगेच मागे सरकून दम घुमवत उभा राहायचा. तीस सेकंद भरत आले की परत. कुणाला हात नाही, कुणाला लाथ नाही. हॅलोजनच्या उजेडात कुंपणाला टेकून उभी असलेली शेदोनशे माणसं गप्प होती. शेवटची शिट्टी झाली तेव्हा आमच्या बाजूने आरोळी उठली नाही. सगळ्यांच्या तोंडून एकदम ‘हुश्श’ निघालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिठ्यावर एका पोराने तात्यांना विचारलं, “तात्यानू, जिंकलव मा आपण?”

तात्या म्हणाले, “जिंकलव ता खरा. पण मजा नाय इली.”

हे ‘पण’ प्रत्येक क्रीडारसिकाच्या ओळखीचं आहे. आपला संघ जिंकतो, पण खेळ डोळ्यांना सुख देत नाही. कधी तो वाईट खेळून जिंकतो, कधी वेळ काढून, कधी नशिबाने, कधी नियमातल्या फटीतून. अशा विजयाने मन भरतं का? गेली बरीच वर्षं मी हा प्रश्न घेऊन सामने बघते आहे, आणि मानसशास्त्रातल्या काही जुन्या अभ्यासांनी मला त्यात बरीच मदत केली. ते सगळं इथे सोपं करून मांडते.

आधी दोन शब्द वेगळे करू

आपल्या भाषेने हे काम आधीच करून ठेवलेलं आहे. एक असतं रडतखडत जिंकणं, आणि दुसरा असतो रडीचा डाव. ऐकायला दोन्ही शेजारी वाटतात, पण त्यांच्यात खाडीएवढं अंतर आहे.

रडतखडत जिंकताना त्रास आपल्याला होतो. झेल सुटतात, चढाया फसतात, दम लागतो, प्रेक्षक जांभया देतात, आणि तरीही शेवटी आपण एका गुणाने पुढे असतो. रडीच्या डावात त्रास समोरच्याला होतो, कारण दोघांनी मनातल्या मनात मान्य केलेली गोष्ट आपण एकट्यानेच मोडलेली असते.

किनाऱ्यावरच्या माणसाला हे मासळीवरून चटकन कळेल. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून ओढून हात सोलवटले आणि शेवटी जेमतेम टोपलीभर बांगडे लागले, तरी त्या रात्रीचं सार घरात सगळे मन लावून जेवतात. एलईडीच्या झगझगीत उजेडात मासे गोळा करून मारायला बंदी आहे, तरी कुणी ते करतो. बाजारात दोन्ही बांगडे एकाच भावाने जातात, चवही एकच. पण दुसरा बांगडा कुठून आला हे चारचौघांत सांगताना आवाज बारीक होतो.

विजयाचंही असंच आहे, असं माझं मत आहे. फक्त खेळात या दोन टोकांच्या मध्ये बराच मोठा पट्टा आहे, जिथे नियम मोडलेला नसतो आणि तरी काहीतरी खटकत असतं. सगळी गुंतागुंत त्या पट्ट्यात आहे. तिथे पोचण्याआधी ‘हुश्श’ कुठून येतं ते बघू.

‘हुश्श’ म्हणजे आनंदच का?

१९७९ साली डॅनियल कानमन आणि अमोस टव्हर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी माणूस नफ्यातोट्याचा विचार कसा करतो यावर एक सिद्धांत मांडला. त्यातला आपल्या उपयोगाचा भाग असा: शंभर रुपये मिळाल्यावर जेवढा आनंद होतो, त्यापेक्षा शंभर रुपये हरवल्याचं दुःख बरंच जास्त असतं. साधारण दुप्पट धरा. याला आपण ‘तोट्याची धास्ती’ म्हणू.

आता ही धास्ती कबड्डीच्या मैदानावर आणा. आमच्याकडे चार गुणांची आघाडी आली त्या क्षणी मनाने विजय खिशात टाकलेला होता. तिथून पुढे मिळवायचं काही नव्हतं, गमवायचं मात्र सगळं होतं. म्हणून शिट्टी वाजल्यावर जे वाटलं ते काही मिळाल्याचं सुख नव्हतं, हातातलं निसटलं नाही याची सुटका होती. बोट उधाणात सापडून धक्क्याला लागली की खलाशी नाचत नाही. तो आधी खाली बसतो.

मग ही सुटका खोटी का? शरीराला विचारलं तर ते नाही म्हणतं. १९९४ च्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना ब्राझील आणि इटली यांच्यात झाला. नव्वद मिनिटं, वर तीस मिनिटांचा जादा वेळ, आणि एकही गोल नाही. शेवटी पेनल्टी किकांवर ब्राझील ३-२ ने जिंकलं, तेही रॉबर्टो बॅजिओने चेंडू गोलपट्टीवरून उडवल्यामुळे. टीव्हीवर तो सामना बघणाऱ्या दोन्ही देशांच्या चाहत्यांच्या लाळेचे नमुने संशोधकांनी सामन्याआधी आणि नंतर घेतले होते. ब्राझीलच्या चाहत्यांमध्ये टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक वाढलेलं निघालं, इटलीच्या चाहत्यांमध्ये घटलेलं. हे लोक मैदानात उतरलेले नव्हते, नुसते बघत होते. आणि बघितलेला सामनाही असा, की सौंदर्याच्या नावाने त्यात फारसं काही नव्हतं.

त्यामुळे पहिल्या रात्रीपुरतं उत्तर सोपं आहे. कसाही मिळालेला विजय शरीराला विजयच वाटतो.

‘आपण’ जिंकलो म्हणणारे आपण कोण?

खेळाडू अकरा, नाहीतर सात. तरी आपण म्हणतो ‘आपण जिंकलो’. आणि हरल्यावर? ‘काय खेळले हे!’ या ‘आपण’ आणि ‘हे’ची मोजदाद रॉबर्ट चाल्डिनी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केली आणि १९७६ साली छापली. विद्यापीठाचा संघ शनिवारी जिंकला की सोमवारी वर्गात विद्यापीठाच्या नावाचे कपडे घालून येणारे विद्यार्थी वाढायचे. सामन्याबद्दल बोलतानाही जिंकलेल्या सामन्याला ‘आम्ही’ जास्त लागायचं.

म्हणजे चाहत्याला विजयातून दोन गोष्टी मिळतात. एक सुटका, दुसरी मिरवण्याची सोय. सुटका एकट्याने घरात बसून मिळते. मिरवायला मात्र समोर माणूस लागतो, आणि तो माणूस ऐकून मान डोलावणारा लागतो. तात्यांची ‘मजा’ या दुसऱ्या खात्यातली होती.

महिन्याभराने काय आठवतं?

२०२३ चा क्रिकेट विश्वचषक आठवा. भारत सलग दहा सामने जिंकला, तेही असे की समोरच्याला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. मग १९ नोव्हेंबरला अहमदाबादला ऑस्ट्रेलियाने सहा गडी राखून हरवलं. आज त्या स्पर्धेचं नाव काढलं की आधी ते दहा सामने आठवतात की ट्रॅव्हिस हेडच्या १३७ धावा? आमच्या घरी तरी दुसरंच आठवतं, आणि विषय बदलला जातो.

आता २०२४ चा टी-ट्वेंटी विश्वचषक घ्या. ९ जूनला न्यूयॉर्कच्या त्या विचित्र खेळपट्टीवर आपण पाकिस्तानविरुद्ध ११९ धावांत गुंडाळले गेलो. चेंडू कधी उसळत होता, कधी थांबून येत होता. पाकिस्तान ७ बाद ११३ वर अडकलं आणि आपण सहा धावांनी सुटलो. बुमराने १४ धावांत तीन बळी घेतले नसते तर सुटलो नसतो. रडतखडत म्हणावं असाच तो विजय. अंतिम सामन्यातही दक्षिण आफ्रिकेला तीस चेंडूंत तीस धावा हव्या होत्या आणि सहा गडी हातात होते, तेव्हा आमच्या शेजारच्या काकांनी टीव्ही बंद करून टाकला होता. मग शेवटच्या षटकाच्या पहिल्याच चेंडूवर मिलरचा फटका सीमारेषेवर सूर्यकुमारने पकडला, हवेत उडवला, रेषेबाहेर गेला, परत आत आला आणि पुन्हा पकडला. सात धावांनी विश्वचषक आपला. आज त्या स्पर्धेबद्दल बोलताना न्यूयॉर्कची खेळपट्टी कुणी काढत नाही, तो झेल काढतात.

यालाही मानसशास्त्रात नाव आहे: ‘शिखर-शेवट नियम’. अनुभव किती वेळ चालला याला आठवणीत फार किंमत नसते. त्यातला सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट, एवढंच मन जपून ठेवतं. कानमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये लोकांना थंड पाण्यात हात बुडवायला लावून हे दाखवलं. एकदा १४ अंशांच्या पाण्यात साठ सेकंद. एकदा तेच साठ सेकंद, आणि वर आणखी तीस, ज्यात पाण्याचा थंडपणा हळूहळू १५ अंशांपर्यंत कमी होत जायचा. यातलं पुन्हा काय कराल असं विचारल्यावर बहुतेकांनी दुसरं निवडलं, म्हणजे जास्त वेळ त्रासाचं. शेवट जरा सुसह्य होता ना!

त्यामुळे रडतखडत विजयाला आठवणीत मोठा फायदा मिळतो. शेवट गोड झाला की मधला कडवटपणा गळून जातो. माझ्या अनुभवाने तर मी पुढे जाऊन म्हणेन की मधल्या कडवटपणामुळेच शेवट जास्त गोड लागतो. दीडशे धावांनी जिंकलेले सामने मला तारखेने आठवत नाहीत.

मग सुंदर खेळाला अर्थ नाही का?

आहे, आणि त्याचाही पुरावा ब्राझीलनेच दिला आहे. १९८२ च्या विश्वचषकातला झिको, सॉक्रेटिस, फाल्काओ यांचा संघ चेंडूशी जे काही करत होता ते बघून लोक वेडे झाले होते. ५ जुलैला बार्सिलोनात इटलीशी सामना होता. उपांत्य फेरीत जायला बरोबरी पुरेशी होती. पण बरोबरीसाठी खेळणं त्या संघाच्या अंगातच नव्हतं. पावलो रॉसीने तीन गोल मारले आणि ब्राझील ३-२ ने हरलं. बारा वर्षांनी १९९४ च्या सावध, शिस्तीच्या संघाने कप आणला, १९७० नंतरचा पहिला. तरीही फुटबॉलवेडी माणसं गप्पा मारायला बसली की विषय १९८२ चा निघतो.

आपल्याकडे जत्रेत दशावतार बघायला लोक रात्रभर जागतात. राक्षस मरणार, देव जिंकणार, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. निकालासाठी कुणीच आलेलं नसतं. लोक येतात ते रंगणाऱ्या युद्धासाठी, मृदंगाच्या लयीत घेतलेल्या गिरक्यांसाठी, कलाकार ऐनवेळी रचून बोलतो त्या संवादांसाठी. राक्षस लवकर आणि नीरस मेला तर पहाटे घरी जाताना कुरकुर होते. देव जिंकला तरी होते!

तेव्हा ‘वा’ आणि ‘हुश्श’ ही दोन वेगळी समाधानं आहेत. ‘वा’ आपण आपल्या विरुद्ध खेळणाऱ्यालाही म्हणू शकतो. ‘हुश्श’ फक्त आपल्यासाठी असतं. भुकेल्या माणसाला जसं आधी पेजेचं भांडं लागतं आणि मग सोलकढीची आठवण होते, तसं ज्या संघाने चोवीस वर्षं कप पाहिला नाही त्याच्या चाहत्याला आधी ‘हुश्श’ हवं असतं. पोट भरलेला चाहता ‘वा’ मागतो. आमची वाडी त्याआधी सलग दोन वर्षं जिंकलेली होती. तात्यांची ‘मजा नाय इली’ ही भरल्या पोटाची तक्रार होती, हे मला तिठ्यावरच कळलं होतं. आठ वर्षं चषक न पाहिलेल्या वाडीतला म्हातारा त्या चार गुणांवर गुलाल उधळत घरी गेला असता.

रेषा नेमकी कुठे?

आता त्या मधल्या पट्ट्यात शिरू. १ फेब्रुवारी १९८१, मेलबर्न. न्यूझीलंडला शेवटच्या चेंडूवर बरोबरीसाठी सहा धावा हव्या होत्या. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार ग्रेग चॅपल याने आपल्या धाकट्या भावाला, ट्रेव्हरला, चेंडू खालून सरपटत टाकायला सांगितला. सरपटणाऱ्या चेंडूवर षटकार कसा मारणार? ब्रायन मॅकेक्नीने तो बॅटने अडवला आणि संतापाने बॅट फेकून दिली. त्या सामन्याच्या नियमांत असा चेंडू बसत होता. ऑस्ट्रेलिया सहा धावांनी जिंकलं. पण मेलबर्नच्या प्रेक्षकांनी आपल्याच संघाची हुर्यो उडवली, दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी नाराजी जाहीर केली, आणि नंतर असा चेंडू नियमांतून काढूनच टाकला गेला.

इथे मला नेहमी एक गोष्ट थांबवते. आपल्या कोकणात अंडरआर्म क्रिकेटच्या स्पर्धा भरतात. शेतात, खळ्यात, दोन घरांमधल्या अंगणात पोरं खालूनच चेंडू टाकतात, आणि त्या टाकण्यातही वेग असतो, फिरकी असते, टप्प्याची हुशारी असते. कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही. म्हणजे जी गोष्ट मेलबर्नला लाजिरवाणी ठरली ती इथे रोजचा खेळ आहे. तेव्हा घाण खालून टाकण्यात नव्हतीच. दोघे एक खेळ खेळायला उतरले होते आणि शेवटच्या चेंडूला एकाने एकट्यानेच दुसरा खेळ सुरू केला, ती घाण होती.

हा न लिहिलेला करार काळानुसार हलतोही. १९४७-४८ च्या दौऱ्यावर सिडनी कसोटीत विनू मंकड यांनी, चेंडू टाकण्याआधीच क्रीज सोडणाऱ्या बिल ब्राऊनला गोलंदाजीच्या टोकाला धावबाद केलं. पुढे कित्येक दशकं या प्रकाराला त्यांचंच नाव चिकटलं आणि ते कौतुकाने घेतलं जात नव्हतं. २०२२ मध्ये नियमपुस्तकात हा प्रकार ‘अयोग्य खेळ’ या प्रकरणातून उचलून साध्या धावबादच्या कलमात ठेवला गेला. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला लॉर्ड्सवर दीप्ती शर्माने शार्लट डीनला तसंच बाद केलं आणि भारत सोळा धावांनी जिंकला. इंग्लंडमध्ये पुष्कळ लोक चिडले. मी चिडले नाही. क्रीज सोडून आधीच दोन पावलं चोरणारा फलंदाज करार मोडतो, त्याला पकडणारी गोलंदाज नाही, हे माझं मत आहे. पण यावर चांगली समजूतदार माणसं अजून भांडतात, आणि भांडण चालू आहे याचाच अर्थ करार अजून पक्का झालेला नाही.

एकाच दिवशी दोन सुवर्णपदकं

हे सगळं मला ज्या दिवशी लख्ख कळलं तो ७ ऑक्टोबर २०२३. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीचे दोन्ही अंतिम सामने त्या दिवशी होते.

आधी मुलींचा. भारत विरुद्ध चायनीज तैपेई, २६-२५. एका गुणाचा फरक. शेवटच्या मिनिटाला आमच्या घरी कुणी बसलेलं नव्हतं. ते त्या स्पर्धेतलं भारताचं शंभरावं पदक होतं. तोही विजय देखणा नव्हता. पण संपल्यावर माझ्या दहा वर्षांच्या भाचीने विचारलं, “मावशी, शेवटी काय झालं?” आणि मी तिला दोन वाक्यांत सांगू शकले.

मग मुलांचा, इराणशी. शेवटचं एखाद मिनिट उरलेलं, २८-२८ अशी बरोबरी, आणि पवन सेहरावत ‘करो या मरो’च्या चढाईवर गेला. मैदानाच्या दोन्ही कडांना एक अरुंद पट्टी असते, तिला लॉबी म्हणतात. चढाई करणारा आणि बचाव करणारे यांच्यात स्पर्श झाल्याशिवाय ती वापरता येत नाही. पवन कुणाला न शिवता तिथे गेला, आणि त्याच्यामागून इराणचे खेळाडूही. जुन्या नियमाप्रमाणे मागून गेलेले बचावपटूही बाद. नव्या नियमाप्रमाणे फक्त चढाई करणारा बाद. इथे कोणता नियम लागू? निर्णय एकदा इकडे गेला, एकदा तिकडे गेला, आणि खेळ जवळजवळ तासभर थांबला. शेवटी भारताला तीन गुण आणि इराणला एक मिळाला. सामना ३३-२९ असा आपण जिंकलो.

सुवर्णपदक मिळालं म्हणून मी उडी मारली, हे खरं. पण भाचीने विचारलं, “मग खरा नियम काय होता?” आणि मला सांगता येईना. खेळाडूंचा त्यात दोष नव्हता, ते दोन्ही बाजूंनी जीव तोडून खेळले. तरी चार गुणांचा तो विजय माझ्या मनात एका गुणाच्या विजयाएवढा बसला नाही. फरक गुणांत नव्हता, देखणेपणातही नव्हता. एक विजय गोष्टीसारखा सांगता येत होता, दुसरा सांगताना मध्येच अडखळायला होत होतं.

‘पण आपल्याला आपलं सगळं गोरंच दिसतं!’

हा आक्षेप योग्य आहे, आणि त्यालाही जुना आधार आहे. १९५१ साली प्रिन्स्टन आणि डार्टमथ या अमेरिकन विद्यापीठांत तिकडच्या, चेंडू हातात घेऊन पळायच्या फुटबॉलचा एक धसमुसळा सामना झाला, हाडं मोडण्यापर्यंत. हॅस्टॉर्फ आणि कॅन्ट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी त्याच सामन्याचं चित्रीकरण दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवलं आणि नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथच्या खेळाडूंचे जेवढे नियमभंग त्यांच्याच विद्यार्थ्यांना दिसले, त्याच्या दुपटीहून जास्त प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना दिसले. चित्रफीत एकच, सामने दोन.

म्हणून ‘हा रडीचा डाव होता का’ हे एकट्या आपल्या मनाला विचारून भागत नाही. समोरच्या बाजूच्या समजूतदार माणसाला काय वाटलं, हे ऐकावं लागतं.

याच्याच पोटात दुसरा आक्षेप येतो. मॅराडोनाने १९८६ मध्ये इंग्लंडविरुद्ध हाताने गोल मारला. तो तर सरळ नियमभंग. मग अर्जेंटिनाला तो कसा पचला? मला याची दोन कारणं दिसतात. चारच वर्षांपूर्वी फॉकलंड बेटांवरून दोन्ही देशांत युद्ध झालं होतं आणि अर्जेंटिना हरलं होतं, तेव्हा तिथल्या माणसाच्या मनात हिशोब फक्त फुटबॉलचा नव्हता. आणि त्या गोलनंतर चारच मिनिटांनी त्याच मॅराडोनाने निम्म्याहून जास्त मैदान चेंडू पायाशी ठेवून, इंग्लंडच्या एकामागून एक खेळाडूंना चुकवत दुसरा गोल केला. तो गोल नसता तर पहिल्याची गोष्ट आज कशी सांगितली गेली असती, याचा विचार करून बघा. दुसऱ्या गोलच्या ‘वा’ने पहिल्याची लाज झाकून टाकली.

रिकाम्या चढाईचा दोष कुणाचा?

शेवटचा आक्षेप आमच्या पोरांचा स्वतःचा होता. “आघाडी असताना उगाच पकडले गेलो असतो तर तुम्हीच शिव्या घातल्या असत्यात.” खरं आहे, घातल्या असत्या. खेळाडूचं काम जिंकणं आहे. आघाडी असताना वेळ काढणं फायद्याचं ठरत असेल तर तो काढणारच, आणि त्याला रडीचा डाव म्हणणं अन्याय आहे. दोन्ही बाजूंना ते करता येतं, दोघांनाही ते माहीत असतं.

उपाय नियमांतच करावा लागतो. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणायचा, नाहीतर बाद व्हायचं, हा ‘करो या मरो’चा नियम त्यासाठीच आला आणि प्रो कबड्डीने तो घरोघर पोचवला. आमच्या स्पर्धेतही तो होता. पण शेवटच्या तीन मिनिटांत दोन्हीकडच्या मिळून सहासात चढाया होतात. त्यात आपल्या वाट्याला तीनचार, त्यातल्या दोन बिनधास्त रिकाम्या, तिसरीत फार तर एक गुण द्यायचा. चार गुणांची आघाडी असेल तर गणित जमतं.

फुटबॉलनेही हेच केलं. १९९० च्या विश्वचषकात सामन्यामागे जेमतेम २.२१ गोल झाले, बचावपटू गोलरक्षकाकडे चेंडू मागे देत बसायचे आणि तो हातात घेऊन वेळ काढायचा. १९९२ पासून सहकाऱ्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाला हातात घेता येईनासा झाला, आणि खेळ पळायला लागला. २०१९ चा क्रिकेट विश्वचषक इंग्लंडने जिंकला तो सामनाही बरोबरीत, सुपर ओव्हरही बरोबरीत, म्हणून चौकार-षटकारांच्या मोजणीवर, २६ विरुद्ध १७. त्याआधी शेवटच्या षटकात एक फेक स्टोक्सच्या बॅटला लागून सीमापार गेली आणि इंग्लंडला सहा धावा मिळाल्या होत्या, त्याने हात वर करून माफीही मागितली. इंग्लंडने कुणाला फसवलं नाही, नियम सगळ्यांना आधीपासून ठाऊक होता. तरी जगाला तो नियमच खटकला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आयसीसीने तो रद्द केला. इंग्लंडचा चषक कुणी मागे मागितला नाही.

खाडीपलीकडे

त्या पलीकडच्या वाडीत माझ्या मावशीचं सासर आहे. सामन्यानंतर आठवड्याने मी तिकडे गेले. तिचा मुलगा त्या संघात होता. ओसरीवर बसल्या बसल्या त्यानेच विषय काढला, आमच्या रिकाम्या चढायांची नक्कल करून दाखवली, आणि म्हणाला, “आमी फुडे असतव, तर आमी पण ताच केला असता.” मग सगळे हसलो. तिसऱ्या चढाईत कोपरा कसा लावायला हवा होता यावर त्याने मला अर्धा तास समजावलं.

त्याआधी काही वर्षांपूर्वीचा याच दोन वाड्यांमधला आणखी एक अंतिम सामना आहे. तोही आम्हीच जिंकलो, एका गुणाने. शेवटच्या चढाईत आमच्या मुलाचा दम तुटला होता. दोन श्वासांच्या मध्ये ‘कबड्डी’ थांबलं, ते कुंपणापाशी उभ्या असलेल्या आम्हाला ऐकू आलं. पंचांना नाही आलं. मुलगा गुण घेऊन मध्यरेषेवर परतला आणि मान खाली घालून उभा राहिला, आणि आम्ही कुणी काही बोललो नाही. तो चषक मंडळाच्या कपाटात अजून आहे. मावशीच्या ओसरीवर चुकून कुणी त्या वर्षाचं नाव काढलं तर मावशी उठते आणि चहा टाकायला आत जाते, आणि तिचा मुलगा दूर खाडीकडे बघत बसतो. आमचा तो मुलगा आता वाडीतल्या लहान पोरांना कबड्डी शिकवतो. पहिल्या दिवशी तो त्यांना चढाई शिकवत नाही, पकडही नाही. त्यांना रांगेत उभं करतो आणि एका श्वासात, मोठ्याने, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असा दम घ्यायला लावतो.